बीटल्सच्या कीर्तीचे वाटेकरी

बीटल्सची कीर्ती खरी की फुगवलेली, हा वाद साठ वर्षं चालू आहे. तो मिटत नाही, कारण दोन्ही बाजू कीर्ती ही एकसंध गोष्ट धरून बोलतात. एकाच्या मते विसाव्या शतकात याहून मोठं लोकप्रिय संगीत झालं नाही. दुसऱ्याच्या मते चार देखणी पोरं, एक धूर्त मॅनेजर आणि इंग्रजी भाषेची अफाट बाजारपेठ, एवढंच त्यांचं भांडवल. मला दोघांचंही पटत नाही. त्यांच्या नावावर जमा असलेलं श्रेय उलगडून पाहिलं तर त्यात निदान तीन निराळे दावे निघतात. त्यांनी असामान्य गाणी रचली. ध्वनिमुद्रणाचा स्टुडिओ त्यांनी वाद्यासारखा वापरला. आणि भारतीय संगीत पश्चिमेत त्यांनी नेलं. प्रत्येक दाव्याचा पुरावा वेगळा आहे. एकाच्या बळावर दुसरा मान्य करणं किंवा एक खोटा निघाला म्हणून बाकीचे फेकून देणं, दोन्ही अन्यायाचंच.

हे मी धारणीतून लिहितो आहे. अमरावतीहून परतवाडा, सेमाडोह, हरिसाल करत दीडशेच्या आसपास किलोमीटर आलं की सातपुड्यातलं हे तालुक्याचं गाव लागतं. पुढे लगेच मध्य प्रदेश. इथे बीटल्सना कीर्तीच नाही. आठवडी बाजारात कुणालाही विचारा, नाव ऐकलेलं नसतं. या प्रश्नाचा विचार करायला मला ही जागा म्हणूनच योग्य वाटते. मुंबई-पुण्यात या गाण्यांपाशी जाणारा माणूस आधीच त्यांच्या नावाच्या ओझ्याखाली असतो. आवडली तरी, आणि नावडली तरी त्या नावडीत नावाचाच राग असतो. इथे ते ओझं नाही.

दुसरंही एक कारण आहे. नावलौकिक कसा बनतो आणि त्यात काय गळून जातं, हे धारणी ज्यात येतं त्या मेळघाटाइतकं क्वचितच कुणाला ठाऊक असेल. बाहेरच्या महाराष्ट्राला मेळघाट दोन गोष्टींसाठी माहीत आहे: १९७४ पासून व्याघ्र प्रकल्प आणि १९९३ पासून बातम्यांत आलेलं कुपोषण. दोन्ही खरं आहे. पण इथे कोरकू बोलली जाते, ती मुंडा कुळातली भाषा आहे, तिच्या बहिणी संथाली आणि मुंडारी शेकडो कोस पूर्वेला आहेत, आणि या भाषेत ढोल-बासरीच्या साथीवर रात्र रात्र चालणारं गाणं आहे, हे त्या नावलौकिकात कुठेच बसलेलं नाही.

पहिला दावा गाण्यांचा. वऱ्हाडात बीटल्सची एक चाल त्यांच्या नावाशिवाय येऊन गेली आहे. १९६५ च्या ‘जानवर’ सिनेमात शम्मी कपूरच्या एका गाण्यात झुपकेदार केसांचे टोप घातलेला वाद्यवृंद दिसतो. शंकर-जयकिशन यांचं ते गाणं ‘आय वॉन्ट टू होल्ड युअर हँड’ या बीटल्सच्या चालीवर बेतलेलं आहे. अमरावती-अकोल्याच्या टॉकीजमध्ये ज्यांनी ते पाहिलं, त्यांतल्या बहुतेकांना लिव्हरपूल कुठे आहे हे ठाऊक नव्हतं आणि त्यांचं त्यावाचून काही अडलं नाही. भाषा बदलली, गायक बदलले, नाव गळालं, आणि चाल तरीही उभी राहिली. कीर्तीच्या भरवशावर चालणारं गाणं असं परगावी, परक्या भाषेत, बिननावाचं जगत नाही.

ही ताकद कुठून आली? थोडी उपजत, आणि पुष्कळशी कष्टाची. १९६० च्या ऑगस्टपासून १९६२ च्या डिसेंबरपर्यंत या मंडळींनी हॅम्बुर्गला पाच खेपा केल्या. तिथल्या बदनाम वस्तीतल्या क्लबांमध्ये रोज रात्री तासन्‌तास वाजवायचं, समोर प्यायलेले खलाशी. तमाशाच्या फडात वाढलेल्या माणसाला हे शिक्षण कळेल: उठून चाललेला प्रेक्षक गाण्याने थोपवायचा. पहिल्या खेपेत जॉर्ज हॅरिसन सतरा वर्षांचा होता आणि वय कमी म्हणून त्याला जर्मनीतून परत पाठवण्यात आलं. पुढे ११ फेब्रुवारी १९६३ ला पहिल्या तबकडीतली दहा गाणी त्यांनी एका दिवसात ध्वनिमुद्रित केली. दिवसाचं शेवटचं गाणं जॉन लेननने सर्दीने बसलेल्या गळ्यातून ओढून काढलं आणि त्याचा तो फाटका आवाज तसाच ठेवला गेला. ते ऐकताना हॅम्बुर्गच्या रात्री ऐकू येतात.

तिथून दोन-अडीच वर्षांत हीच माणसं कुठे पोचली पाहा. १४ जून १९६५ या एका दिवशी पॉल मॅकार्टनीने तीन गाणी ध्वनिमुद्रित केली: घसा फोडून ओरडायचं ‘आय’म डाउन’, धावत्या गतीचं ‘आय’व्ह जस्ट सीन अ फेस’ आणि ‘येस्टरडे’. ‘येस्टरडे’च्या कडव्याची ओळ सात मात्राखंडांची आहे. आठाची सवय असलेल्या कानाला ती थोडी आधी संपल्यासारखी वाटते, आणि गाण्यातली हुरहूर बरीचशी त्या एका खंडाच्या उणिवेत आहे. पुढच्या वर्षीच्या ‘एलिनॉर रिग्बी’त गिटार नाही, ड्रम नाही, आठ तंतुवाद्यं आणि एकाकी मेलेल्या बाईची गोष्ट. तरुणांच्या नाचगाण्याच्या बाजारात त्यांनी हे गाणं विकलं.

जानेवारी १९६९ मध्ये त्यांच्या तालमींचं चित्रीकरण झालं होतं. ते पीटर जॅक्सनने २०२१ मध्ये आठेक तासांच्या माहितीपटात आणलं. त्यात एक प्रसंग आहे. लेननची वाट पाहताना मॅकार्टनी बास गिटार गिटारसारखी झोडत काहीतरी गुणगुणतो, शब्द नाहीत, नुसते ओठ हलतात; शेजारी हॅरिसन जांभई देतो, आणि काही मिनिटांत त्या गुणगुणण्यातून ‘गेट बॅक’ हे गाणं आकार घेतं. ज्याला बीटल्स म्हणजे जाहिरातबाजी वाटते त्याने एवढी मिनिटं पाहावीत. ती क्षमता कुठल्याही मॅनेजरला विकत आणता येत नाही.

मात्र या दाव्यातला एक भाग आपण डोळे झाकून घेतो: स्वतःची गाणी स्वतः लिहून गाणारे म्हणून ते क्रांतिकारक. वऱ्हाडातल्या माणसाला यात नवल काय वाटावं? यावली गावचे तुकडोजी महाराज १९६८ मध्ये गेले. आयुष्यभर त्यांनी स्वतः रचलेली भजनं स्वतःच्या खंजिरीवर गाऊन हजारोंच्या सभा डोलवल्या. रचणारा आणि गाणारा एकच, ही आपल्याकडे संतपरंपरेपासूनची रीत. नवल होतं ते इंग्लंड-अमेरिकेतल्या त्या काळच्या गाण्याच्या धंद्यात, जिथे लिहिणारे कचेरीत बसत आणि गाणारे मंचावर असत. बीटल्सनंतर त्या धंद्यात बँडने आपली गाणी आपणच लिहावीत, हे गृहीत झालं. हा बदल मोठा आहे. तो एका धंद्याच्या इतिहासातला बदल आहे, मानवी कलेच्या इतिहासातला नव्हे.

बाजारपेठेचा आक्षेप खोटा नाही. ९ फेब्रुवारी १९६४ च्या रात्री अमेरिकेत एड सलिव्हनच्या कार्यक्रमात त्यांना सुमारे ७ कोटी ३० लाख लोकांनी पाहिलं. त्यांची कंपनी ईएमआय. आपण लता-आशा ज्या कुत्र्याच्या चित्राखाली ऐकल्या ती एचएमव्ही तिचीच. एवढं यंत्र पाठीशी असेल तर कुणीही प्रसिद्ध होईल, असं म्हणणाऱ्यांनी त्याच कंपनीने त्याच वर्षांत त्याच ताकदीने खपवलेले आणि आज कुणाला न आठवणारे गायक मोजावेत. यंत्र आवाज दूरवर नेतं; साठ वर्षं टिकवणं त्याच्या हातात नसतं. शिवाय यंत्राला हवे होते दौरे. २९ ऑगस्ट १९६६ ला सॅन फ्रान्सिस्कोत शेवटचा जाहीर जलसा करून या मंडळींनी ऐन भरात दौरे बंद केले आणि स्टुडिओत जाऊन बसले.

त्याहून जड आक्षेप आहे तो काळ्या अमेरिकन संगीताच्या ऋणाचा. पहिल्या तबकडीतल्या चौदा गाण्यांपैकी सहा दुसऱ्यांची, आणि त्यांतली बहुतेक आर्थर अलेक्झांडर, शिरेल्स, आयझ्ली ब्रदर्स अशा काळ्या कलावंतांनी आधी गायलेली. त्या मूळ गायकांना कीर्तीचा किती वाटा मिळाला? बीटल्सनी चक बेरी, लिटल रिचर्ड यांची नावं कायम घेतली, हे खरं. सप्टेंबर १९६४ मध्ये जॅक्सनव्हिलला काळ्या-गोऱ्यांना वेगळं बसवणार असाल तर आम्ही वाजवणार नाही, असं त्यांनी ठणकावलं, हेही खरं. म्हणून त्यांना चोर म्हणणं मला मान्य नाही. पण ऋण मान्य करणारा माणूस आणि ऋण फेडणारी व्यवस्था यांत अंतर असतं, आणि त्या अंतरात अनेक नावं बुडतात.

स्टुडिओच्या दाव्याबद्दल थोडक्यात. ‘स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरेव्हर’ हे वेगळ्या पट्टीत आणि वेगळ्या गतीत वाजवलेल्या दोन मुद्रणांचा जोड आहे. लेननला दोन्हींतलं थोडं थोडं हवं होतं, आणि टेपची गती कमी-जास्त करून ती दोन जुळवण्याचं काम जॉर्ज मार्टिन आणि जेफ एमरिक यांनी केलं. हट्ट कलावंताचा, हात तंत्रज्ञांचे. या दोघांची नावं आज जाणकारांना तोंडपाठ आहेत, म्हणजे इथली कीर्ती बऱ्यापैकी वाटली गेली आहे.

आता तिसरा दावा, आणि इथे मला थांबायचं आहे. भारतीय संगीत बीटल्सनी पश्चिमेत नेलं, हे वाक्य आपल्याकडेही अभिमानाने उच्चारलं जातं. ते टिकत नाही. यहुदी मेन्युहिनच्या पुढाकाराने अली अकबर खाँ १९५५ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात वाजवून आले. रविशंकर १९५६ पासून युरोप-अमेरिकेत दौरे करत होते. जॅझचा थोर वादक जॉन कोल्ट्रेन रविशंकरांच्या संगीताने इतका भारावला की त्याने ऑगस्ट १९६५ मध्ये जन्मलेल्या मुलाचं नाव रवी ठेवलं. तेव्हा बीटल्सचं सतार असलेलं पहिलं गाणं ‘नॉर्वेजियन वुड’ मुद्रितही झालेलं नव्हतं. यार्डबर्ड्स या बँडने त्याच वर्षी एका गाण्यासाठी स्टुडिओत सतारिया बोलावून पाहिला होता. वाट मळलेली होती. बीटल्स तिच्यावरून गेले तेव्हा त्यांच्यामागे कोट्यवधी लोक चालत आले. ही मोठी गोष्ट आहे, पण वाट पाडण्याचं श्रेय त्यांचं नव्हे.

लंडनमध्ये त्या वाटेवर दिवा धरून उभी असलेली एक संस्था होती, एशियन म्युझिक सर्कल. कर्नाटकातून गेलेले अयाना अंगडी आणि त्यांची इंग्रज पत्नी पॅट्रिशिया यांनी ती १९४६ मध्ये उभी केली. पुण्याचे बी. के. एस. अय्यंगार यांच्या योगवर्गांनाही लंडनमध्ये याच मंडळाचा आधार मिळाला. ‘नॉर्वेजियन वुड’च्या वेळी हॅरिसनच्या सतारीची तार तुटली, ती अंगडींकडून आली. पुढच्या वर्षी, एप्रिल १९६६ मध्ये, ‘लव्ह यू टू’साठी तबलजी हवा झाला तेव्हाही याच मंडळाकडून माणूस आला: अनिल भागवत. हे गाणं असलेल्या ‘रिव्हॉल्वर’ या तबकडीच्या वेष्टनावर त्यांचं नाव छापलेलं आहे, वाद्यासकट. त्या काळी साथीदारांची नावं छापण्याची पद्धत नव्हती; ‘एलिनॉर रिग्बी’तल्या आठ इंग्रज वादकांचीही नावं त्या वेष्टनावर नाहीत. तरी भागवतांचं छापलं गेलं.

पुढच्या वर्षी ते घडलं नाही. ‘सार्जंट पेपर’ ही त्यांची सर्वांत गाजलेली तबकडी. तिच्यातल्या ‘विदिन यू विदाउट यू’ या गाण्यात हॅरिसनखेरीज एकही बीटल नाही. हे गाणं कीर्तीचा विचार बाजूला ठेवून ऐकावं. खमाज थाटाच्या स्वरांत ते फिरतं. गायनाचा भाग सोळा मात्रांच्या अंगाने जातो आणि मधला वाद्यांचा भाग दहा मात्रांच्या झपतालाकडे वळतो. हॅरिसनच्या गळ्यात फिरत नाही, आवाज सपाट आहे. त्या सपाट ओळीला ओलावा देतो तो दिलरुबा. गाणाऱ्याच्या मागोमाग, अर्धं पाऊल मागे राहून, त्याची ओळ उचलत, जिथे त्याला जाता येत नाही तिथे मींड घेऊन जात. आपल्याकडे याला संगत म्हणतात, आणि ती कशी करायची हे त्या वादकांना कुणी कागदावर लिहून दिलेलं नव्हतं. नंतर जॉर्ज मार्टिनने आठ व्हायोलिन आणि तीन चेलो आणले आणि त्यांच्यासाठी स्वरलेखन केलं. त्याला पाश्चात्त्य वादकांकडून दिलरुब्यासारखं स्वरांवरून घसरत जाणं हवं होतं. म्हणजे लंडनच्या नामांकित वादकांसमोर त्या दिवशी कित्ता ठेवला गेला तो या दिलरुब्याचा.

ते दिलरुबावादक होते अण्णा जोशी आणि अमृत गज्जर. तंबोऱ्यावर बुद्धदेव कंसारा, तबल्यावर नटवर सोनी. तबकडीच्या वेष्टनावर यांच्यापैकी एकाचंही नाव नव्हतं. त्याच वेष्टनाच्या दर्शनी बाजूला साठएक प्रसिद्ध चेहऱ्यांची गर्दी आहे. नट, लेखक, मुष्टियोद्धे, हॅरिसनच्या आग्रहावरून चार भारतीय योगीही. गांधीजींचंही चित्र त्या गर्दीत होतं. भारतात लोक दुखावतील या धास्तीने ईएमआयच्या अध्यक्षांनी ते काढायला लावलं. सेवाग्राम ज्या विदर्भात आहे तिथे बसून हे वाचताना मला त्या कंपनीची काळजी समजते. पण प्रत्यक्ष वाजवलेल्या चार भारतीयांचा मान राखण्याची काळजी तिथे कुणाला पडली नव्हती. पन्नासएक वर्षांनी अभ्यासकांनी शोध घेतला तेव्हा ही चार नावं त्या गाण्याला चिकटली.

जानेवारी १९६८ मध्ये हॅरिसन एकटा मुंबईला आला आणि फोर्टातल्या एचएमव्हीच्या स्टुडिओत काही दिवस मुद्रण केलं. ग्रामोफोन कंपनीच्या भास्कर मेनन यांनी त्यासाठी कलकत्त्याहून स्टिरिओ यंत्र आणवलं. खाली रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज आत येत होता. सरोदवर आशिष खाँ, संतूरवर शिवकुमार शर्मा, सूरबहारवर चंद्रशेखर नारिंग्रेकर, बासरीवर एस. आर. केंकरे, तारशहनाईवर विनायक व्होरा, हार्मोनियम आणि तबला तरंगावर रिजराम देसाद. हे काम ‘वंडरवॉल म्युझिक’ या हॅरिसनच्या स्वतःच्या तबकडीसाठी होतं, आणि तिच्यावर त्याने वादकांची नावं दिली. दोन सनईवादकांचं आडनाव तिथे ‘जादेव’ असं छापलं गेलं. मराठी वाचकाला त्यात जाधव दिसतात. पण त्याच दिवसांत मुद्रित झालेलं ‘द इनर लाइट’ मार्चमध्ये ‘लेडी मॅडोना’च्या मागच्या बाजूला बीटल्सच्या नावाने निघालं. त्यातली सगळी वाद्यं मुंबईतल्या वादकांची. जगाच्या दृष्टीने ते बीटल्सचं गाणं.

हॅरिसनवर मी ठपका ठेवत नाही. तो सहा आठवडे भारतात राहून रविशंकरांकडे शिकला, आपण सतारिये होणार नाही हे वेळेत ओळखलं आणि सतार खाली ठेवली. १९७१ मध्ये बांगलादेशासाठी न्यूयॉर्कला जलसा उभा केला तेव्हा सुरुवात रविशंकर, अली अकबर आणि अल्लारखाँ यांनी करावी, हा त्याचा क्रम होता. त्याच्याइतक्या प्रसिद्ध माणसाने विद्यार्थी होणं, हे दुर्मीळ आहे. माझा आक्षेप चौघांच्या कीर्तीच्या आकाराला नाही. ती कीर्ती मोठी असावी, तेवढी गाणी त्यांनी दिली आहेत. आक्षेप आहे तो तिच्या खातेवाटपाला. एका नावावर इतकं जमा झालं की शेजारची जागा रिकामीच आहे असं लोकांना वाटू लागलं.

लंडनकडे बोट दाखवण्याआधी आपलं घरही पाहायला हवं. ज्या शंकर-जयकिशन यांनी ‘जानवर’चं संगीत दिलं, त्यांचे अरेंजर अनेक वर्षं सेबॅस्टियन डिसोझा हे गोव्याचे गृहस्थ होते. हिंदी सिनेमातल्या व्हायोलिनांच्या त्या भरगच्च ताफ्यांमागे त्यांचं स्वरलेखन आहे. तबकडीवर नाव कुणाचं? संगीतकाराचं, गायकाचं, फार तर गीतकाराचं. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांचं नाव देशाला कळलं ते त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनी १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’तल्या गाण्यात गुंफलं म्हणून, आणि तेव्हाही लोकांना ते काल्पनिक पात्राचंच वाटलं. दत्ताराम वाडकरांचा एक ढोलकीचा ठेका मात्र ‘दत्ताराम ठेका’ म्हणून वादकांमध्ये ओळखला जातो. हे नाव कंपनीने दिलेलं नाही. वाजवणाऱ्यांनी आपसांत जपलेलं आहे.

या शेवटच्या गोष्टीकडे मी मेळघाटातून पाहतो तेव्हा एक समजूत मला मोडीत काढावीशी वाटते. लोकसंगीत अनामिक असतं, असं आपण शाळेपासून शिकतो. कोरकू गदली-सुसून नृत्याची चित्रफीत निघते, शहरातल्या महोत्सवात पथक नाचतं, आणि खाली लिहिलेलं असतं ‘आदिवासी नृत्य, मेळघाट’. ढोल कुणी वाजवला, बासरी कुणाची, गाणं कुणी उचललं, काही नाही. विचारलं तर उत्तर तयार असतं: ही समूहाची कला आहे, इथे व्यक्तीला महत्त्व नसतं.

माझ्या ओळखीचे एक दादा ढोल वाजवतात. त्यांना मी एकदा फोनवर बीटल्सचं ‘टुमॉरो नेव्हर नोज’ ऐकवलं, एकाच आधारस्वरावर चालणारं, रिंगो स्टारचा ठेका शेवटपर्यंत न हलणारं. त्यांनी दोनदा ऐकलं आणि विचारलं, हा वाजवणारा कोणत्या गावचा? मग आपल्या पंचक्रोशीकडे वळले. कोणत्या पाड्यावर कोणाचा हात चांगला, कोण कोणाकडे शिकला, कोणाची थाप पावसात ढिली पडते, कोणत्या बाईने गाणं उचललं की पन्नास जणी मागे येतात, सगळं नावानिशी. त्या बोलण्यात अनामिक कुणीच नव्हतं. फगव्याच्या दिवसांत, बाहेर कामाला गेलेली माणसं होळीसाठी परत आलेली असतात, तेव्हा कोण आलं नाही हे ढोलाच्या आवाजावरूनही ओळखणारे लोक इथे आहेत. कोरकू आपल्या मृतांसाठी सिडोली हा विधी करतात, सागवानाचे कोरीव स्मृतिस्तंभ, म्हणजे मुंडा, उभारतात, त्यावर सूर्य, चंद्र, घोडेस्वार कोरतात. इथला समाज आपली माणसं विसरत नाही. नावं इथे आहेत. ती गळतात बाहेर जाताना, कॅमेरा धरणारा आणि कार्यक्रमपत्रिका छापणारा विचारत नाही म्हणून. अण्णा जोशींचं नाव त्यांच्या लंडनमधल्या ओळखीच्यांना १९६७ मध्येही माहीतच असणार. ते माहीत नव्हतं वेष्टनाला.

यावर एक गंभीर हरकत आहे आणि ती मी टाळणार नाही. गाणं सगळ्या गावाचं असताना एका वादकाचं नाव छापलं तर उद्या तो मालक होईल, पैसे आणि मान त्याच्याकडे वळतील, गावात फूट पडेल. असं घडू शकतं. पण वाजवणाऱ्याचं नाव लिहिणं म्हणजे गाणं त्याच्या मालकीचं करणं नव्हे. अनिल भागवतांचं नाव ‘रिव्हॉल्वर’वर आलं म्हणून ‘लव्ह यू टू’ त्यांचं झालं नाही, हॅरिसनचंच राहिलं. आणि ‘रिव्हॉल्वर’ची थोरवी त्या ओळीमुळे तसूभर कमी झाली नाही. गाव, गाणं आणि वादक, तिन्हींची नोंद एकत्र करता येते. ज्यांना फुटीची भीती खरोखर वाटते त्यांनी ती गावासमोर मांडावी आणि गाव सांगेल तसं लिहावं. आज तेवढंही विचारलं जात नाही. समूहाचा कैवार घेऊन समूहातल्या प्रत्येकाला पुसून टाकलं जातं.

बीटल्सच्या बाबतीत हे काम पन्नास वर्षांनीही करता आलं, कारण कागद होते, टेप होत्या, प्रत्येक मुद्रणाची तारीख होती, आणि शोधणाऱ्यांना पगार देणारी विद्यापीठं होती. धारणी तालुक्यात यातलं काहीच नाही. आज सत्तरीत असलेल्या ढोलवाल्याला त्याच्या बापाची आणि आज्याची वाजवण्याची रीत ठाऊक आहे. तो गेला की पन्नास वर्षांनी उकरायला मागे काही नसेल. म्हणून येत्या फगव्याला जे विद्यार्थी, संशोधक, पत्रकार आणि हौशी मंडळी मोबाइल घेऊन घाट चढतील, त्यांनी चित्रण करण्याआधी परवानगी मागावी, आणि चित्रफितीखाली गावाचं नाव, ढोल आणि बासरी वाजवणाऱ्यांची नावं, गाणं उचलणाऱ्या बाईचं नाव आणि ती म्हणेल ते गाण्याचं नाव लिहावं, कोरकू उच्चार तिच्याकडूनच दोनदा विचारून.